ऊसतोड कामगारांच्या लेकरांना बरोबरीची संधी कशाने मिळेल? वसतिगृह, मजुरी की हार्वेस्टर?

बालाघाट
नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. दहावीचा निकाल लागला की दरवर्षी एखादी बातमी येतेच, ऊसतोड कामगाराच्या मुलीला नव्वद टक्के. त्या मुलीचं कौतुक मलाही आहे. पण पहिलीला तिच्याबरोबर बसलेली बाकीची लेकरं दहावीपर्यंत का पोचली नाहीत, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

आमच्याकडं दसऱ्यापासून गाड्या भरायला लागतात. दिवाळी झाली की गावात म्हातारी माणसं आणि दाराला कुलपं. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे शाळेच्या वर्षातला सगळ्यात भरीव भाग लेकरू फडात, तोडणीच्या उसाच्या शेतात, असतं. जूनमध्ये ते पुढच्या वर्गात येऊन बसतं, पण त्याला जोडाक्षरं येत नाहीत, कारण ती शिकवली तेव्हा ते कराडकडं नाहीतर बेळगावकडं होतं. पुढच्या वर्षी भागाकार जातो, त्याच्या पुढच्या वर्षी अपूर्णांक. सहावी-सातवीत ते पोर स्वतःच म्हणतं, "सर, मला नाही यायचं."

माझं मत स्पष्ट आहे. आमची लेकरं हुशारीत कमी नाहीत, कष्टात तर नाहीतच. त्यांचे महिने जातात. हे महिने वाचवायचे कसे? गावात हंगामी वसतिगृह, कारखान्यावर कामगारांच्या लेकरांसाठी साखरशाळा, आईबापाची मजुरी वाढवणं, की यंत्रानं तोडणी? ज्यांना जवळून माहीत आहे त्यांनी लिहावं. पक्षांची भांडणं इथं नकोत, हात जोडून विनंती.

कोथरूडकर
महत्त्वाचा विषय. एक शंका मात्र आहे. माझे वडील सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून पुण्यात आले आणि वार लावून जेवून शिकले. आज सरकारी शाळा फुकट, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण फुकट, मुलींना एसटीचा पास फुकट. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. घरच्यांची इच्छा असेल तर मूल शिकतं, असं मी पाहिलंय. इच्छा हा भाग आपण वगळतोय का?

चिंचेखाली
वाचतेय. महत्त्वाचा धागा.

केजची_लेक
@कोथरूडकर दादा, इच्छेचं मी सांगते. मी ऊसतोड कामगाराची मुलगी, आता लातूरला नर्स आहे.

आम्ही दोघी बहिणी. माय म्हणायची, दोघींनी शिकायचं. पण मागं ठेवायचं तर सांभाळणार कोण? आजी एकटी, गुडघ्यानं अधू. तिला एकच नात झेपत होती. मी लहान म्हणून मला ठेवलं आणि ताईला नेलं. ताईचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी कौतुकानं बोलत नाही, खरंच होतं. ती तोंडी हिशेब करायची.

एका वर्षी आजी आजारी पडली म्हणून मीही गेले. टोळी पहाटे तीनला फडात. ट्रॅक्टर भरायला कधी येईल त्याला नेम नाही. रात्री अकराला आला तर रात्री अकराला मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. भाऊ अंगावर पिणारा. त्याला झोळीत घालून बांधावर बसवायचं आणि साप-किरडू बघायचं, हे ताईचं काम. तेव्हा तिचं वय आठ-नऊ. तो झोपला की वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायच्या. त्या विकून मीठ, मिरची, तेल यायचं. शाळा होती की, दोन-तीन किलोमीटरवर. माय मुकादमाला विचारून बघून आली होती. पण ताई शाळेत गेली तर भाऊ कुणाजवळ? आणि माय फडाबाहेर बसली तर कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, अर्धा.

दादा, आईबाप एक, घर एक, इच्छा एक. मी नर्स झाले आणि ताई आज कोयत्यावर आहे. मधे फक्त आजी होती.

हणमंता_७७
ताई, काय लिहिलंत. पुन्हा वाचलं.

निवृत्त_गुरुजी
@कोथरूडकर, तुमच्या वडिलांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण वार लावायला शहरात आपलं म्हणून जेवायला घालणारी सात घरं लागतात. ती सगळ्या जातींच्या मुलांना नव्हती. नेमकी हीच अडचण ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. मुलगा हुशार आहे, पण त्यानं राहायचं कुठं आणि जेवायचं काय, हा प्रश्न आधी सोडवला. पुढं १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तीही वसतिगृहापासूनच वाढवली. स्वतः मी रयतच्या बोर्डिंगात वाढलोय. त्या अनुभवावरून बालाघाट सरांना माझं उत्तर एकच : वसतिगृह.

मुकादमाचा_पोर
इथं अजून कुणी मुकादमाला शिव्या घातल्या नाहीत, पण घालतील म्हणून आधीच लिहितो. माझे वडील मुकादम होते.

उचल, म्हणजे हंगामाआधी मजुराला दिलेली आगाऊ रक्कम, मुकादमाच्या खिशातली नसते. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाला देतो, मुकादम कोयत्यांना वाटतो. टोळी आली नाही, नाहीतर अर्ध्यातून पळाली, तर ठेकेदार मुकादमाच्या दारात उभा. आमची जमीन अशाच एका हंगामात गेली. कारखान्याच्या कागदावर मजुराचं नावच नसतं, करार वाहनवाल्याचा. त्यामुळं कुणी मेलं, कुणाचा हात गेला, तर मजूर कुणाचा हेच सिद्ध होत नाही. काही मुकादम मारहाण करतात, डांबून ठेवतात, हे खोटं नाही आणि त्यांना शिक्षा व्हायलाच पाहिजे. पण साखळीत सगळ्यात वर जो बसलाय त्याचा हात मजुराला लागतच नाही, ही गोष्ट धाग्यात आली पाहिजे.

लेकरांबद्दल म्हणाल तर वडील टोळीत अकरा-बारा वर्षांची पोरं मोजायचे. वाईट वाटतं सांगायला. दोन मोठी पोरं बरोबर असली की त्या घराला उचल थोडी जास्त मिळायची.

हिशेबनीस
मजुरीचा मुद्दा आकड्यांत मांडतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. आधीचा दर टनाला २७३ रुपयांच्या आसपास, म्हणजे वाढीनंतर साधारण ३६६.

समजा एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं, एक लाख उचल घेतली. ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. चांगली चालणारी जोडी दिवसाला दोन टन तोडते. म्हणजे १३७ दिवस. एकही खाडा न होता. हंगामच मुळात चार-पाच महिन्यांचा. दीड टनाचा वेग धरला तर १८२ दिवस लागतात आणि तेवढा हंगाम नसतो. मग राहिलेली बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत वळती होते.

हा हिशेब मांडला की लेकरू फडात का जातं ते कळतं. त्यानं दिवसाला पाव टनाला हातभार लावला तरी उचल फिटते की अंगावर राहते, एवढा फरक पडतो. त्यामुळं माझं मत गुरुजींपेक्षा वेगळं आहे. आधी मजुरी. बाप मोकळा झाला तर लेकरू आपोआप मोकळं होईल.

हणमंता_७७
हिशेबनीस साहेबांना कारखान्याच्या वजनकाट्यावर बसवा. काटामारी एका हंगामात बंद!

पंचगंगा_काठ
आम्ही ऊसवाले, शिरोळ तालुका. आमची पण बाजू ऐका. तोड यायला उशीर झाला की उसाला तुरा येतो, वजन घटतं. मग टोळीला खुशाली द्या, ड्रायव्हरला एंट्री द्या. एकरी काही हजार वर जातात आणि हे कुठल्याच पावतीवर येत नाही. मजुरी वाढली की शेवटी बोजा आमच्यावरच येणार, अशी भीती इथल्या लहान शेतकऱ्याला आहे. माझा ऊस दीड एकर. मी काय साखरसम्राट नाही भावांनो.

पण लेकरांचं मला पटलंय. आमच्या गावच्या शाळेतल्या बाई दरवर्षी कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, जाऊन पोरं गोळा करतात. पहिले आठ दिवस येतात, मग टोळी पुढच्या गावाला हलते. बाईंनी जी पोरं वाचायला आणली ती दुसऱ्या शाळेच्या हद्दीत गेली. तिथं कुणी विचारलं तर ठीक, नाहीतर संपलं. कारखान्यावरची साखरशाळा पण यातच अडकते. टोळ्या आता कारखान्याजवळ एका तळावर राहतात कुठं? निम्म्या टोळ्या गावोगाव फडाशेजारी उतरतात.

सरोज_पोर्ट_लुई
नवऱ्याच्या नोकरीमुळं मी मॉरिशसला राहते, इथलं थोडं लिहावंसं वाटलं, कारण हा देशही उसाचाच. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले गेले आणि त्यात आपल्या कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज आज इथं मराठी म्हणून ओळखले जातात. घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

त्या पिढ्यांतल्या बायका पहाटे उसाच्या मळ्यात जात, त्यांची नातवंडं आज बँकेत, शाळेत, मंत्रालयात आहेत. म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ती एका गोष्टीकडं बोट दाखवतात. १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. त्याआधी फी भरायची म्हणून घरातला एकच मुलगा पुढं शिकायचा, मुली घरी. फी गेल्यावर मुलींनी शाळा भरल्या. २००५ पासून विद्यार्थ्यांना बसही फुकट आहे. सगळं आलबेल नाही. खासगी शिकवण्यांचं वेड इथं भयंकर आहे, ज्याला शिकवणी परवडते तोच चांगल्या कॉलेजात जातो, अशी तक्रार सतत ऐकते. पण उसाच्या मळ्यापासून शाळेपर्यंतची वाट सरकारनं मोकळी केली, हे डोळ्यांनी दिसतं.

कोथरूडकर
सरोजताई, छान माहिती. पण मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एकट्या बीड जिल्ह्याची २०११ ची जनगणना २५.८५ लाख. छोट्या देशाला जे जमतं ते आपल्याला जमेलच असं नाही.

केजच्या ताईंना : तुमचं लिहिलेलं मनात राहिलंय. त्यावर वाद घालणार नाही. पण वसतिगृहं, योजना, महामंडळं गेली अनेक वर्षं आहेत, पैसा जातोय. तरी फरक का पडत नाही, या प्रश्नाचं उत्तर कुणी तरी द्यायला हवं.

बालाघाट
@कोथरूडकर, प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो. दोन प्रकारची वसतिगृहं आहेत, ती लोक एकच समजतात.

पहिलं हंगामी वसतिगृह. हे गावच्या शाळेतच चालतं, शाळा व्यवस्थापन समिती चालवते. मूल आजी-आजोबांकडं नाहीतर चुलत्याकडं झोपतं, आम्ही दोन वेळचं जेवण आणि नाश्ता देतो. कागदावर साधी योजना, पण मंजुरी येईपर्यंत गाड्या गेलेल्या असतात. आईबाप दसऱ्याला विचारतात, "सर, वसतिगृह व्हणारे का?" मी काय सांगू? होणार म्हणालो आणि झालं नाही तर लेकरू उपाशी. होणार नाही म्हणालो तर ते गाडीत बसलं. ज्या वर्षी आम्ही किराणा उधारीवर आणून दिवाळीच्या आधीच चूल पेटवली, त्या वर्षी बहुतेक लेकरं थांबली. उशिरा सुरू झालं तेव्हा वसतिगृह होतं, लेकरं नव्हती.

दुसरं म्हणजे निवासी. संत भगवानबाबा योजनेत ४१ तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक, प्रत्येकी १०० जागा. सगळी पूर्ण भरली तरी ८,२०० लेकरं. स्थलांतर करणारे कामगार लाखांत मोजतात. योजना चांगली, अंगापेक्षा सदरा फार तोकडा.

आणि मॉरिशस छोटा आहे हे बरोबर, पण आमचं गाव त्याहून छोटं आहे की. साठ-सत्तर लेकरांचा स्वयंपाक वेळेवर सुरू करायला देश लहान असावा लागत नाही.

निवृत्त_गुरुजी
शेवटच्या दोन वाक्यांना अनुमोदन.

फाळ_नांगर
मी शेती यंत्रांच्या क्षेत्रात आहे. धाग्याच्या नावात हार्वेस्टर आहे आणि त्यावर अजून कुणीच बोललं नाही.

यंत्र येतंय, थांबणार नाही. मजूर मिळत नाहीत म्हणून कारखान्यांनाच हवंय. पण आपल्याकडं गुंठ्यांची शेतं, अरुंद सरी, बांध, त्यामुळं वेग कमी आहे. यंत्राला रुंद सरी लागते आणि पाचटाची, म्हणजे वाळल्या पाल्याची, वजनातली कपात शेतकऱ्याला जाचते.

ब्राझीलचं उदाहरण बघा. साओ पाउलो राज्यात ऊस पेटवून हातानं तोडत. तोडायला येणारी माणसं ईशान्येकडच्या कोरड्या, गरीब राज्यांतली. आपल्याकडं मराठवाडा तसा त्यांच्याकडं तो भाग. २००७ मध्ये कारखान्यांनी सरकारशी करार करून पेटवणं टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं आणि यंत्रांनी फड व्यापले. हातानं तोडणाऱ्या फार मोठ्या संख्येचं काम गेलं. काही जणांना ड्रायव्हर, फिटर म्हणून शिकवलं, पण ज्याला वाचता येत नाही तो यंत्रावर बसू शकत नाही. तिथं एक गोष्ट मात्र आधीच झालेली होती. २००३ पासून गरीब घरांना दरमहा रोख मदत मिळत होती आणि अट अशी की ६ ते १५ वयाच्या मुलाची हजेरी ८५ टक्के हवी. बापाचं काम गेलं तरी लेकरू शाळेत होतं.

आपल्याकडं उलटं व्हायची भीती आहे. यंत्र आधी आणि शाळा नंतर. म्हणून हार्वेस्टर हा उपाय नाही, ती मुदत आहे.

मुकादमाचा_पोर
+१. आमच्या भागात हार्वेस्टर घेतलेले काही जण आहेत. चालक बाहेरचे. आमच्या पोरांना कुणी शिकवलं नाही.

पंचगंगा_काठ
अवांतर : यंत्र आल्यापासून जनावराला वाढे मिळेनात. दूधवाले रडकुंडीला आलेत.

केजची_लेक
मजुरीच्या हिशेबात एक गोष्ट राहिली, ती बायांची. पाळी आली, अंग दुखतंय म्हणून बाई एक दिवस कोपीत थांबली तरी खाडा लागतो. पोटात दुखायला लागलं की पुढच्या हंगामाच्या आधी पिशवी काढून टाकतात. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीसाठी २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. यातल्या कित्येकींना नंतर कंबर उचलत नाही. मग मायचा कोयता कोण धरतं? थोरली लेक. माझ्या वॉर्डात अशा बाया येतात, बरोबर तेरा-चौदा वर्षांची मुलगी असते. मी पहिलं विचारते, "कितवीत आहेस?" बहुतेक वेळा ती मायकडं बघते.

आणि मुलगी मोठी झाली की तिला मागं ठेवायला माय घाबरते, बरोबर न्यायलाही घाबरते. मग लग्न. लग्न झालं की नवी जोडी, म्हणजे नवा कोयता, नवी उचल. बीडमध्ये वयाच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत चाळीस टक्क्यांच्या वर होतं, राज्याच्या साधारण दुप्पट. म्हणून मुलींसाठी नुसतं जेवण पुरत नाही. झोपायची जागा, संडास, रात्री थांबणारी एक बाई हवी. हंगामी वसतिगृहात हे नसतं. @बालाघाट सर, तुम्ही हे मांडायला पाहिजे होतं.

बालाघाट
ताई, मुद्दा पुरता मान्य. सातवीनंतर आमच्या शाळेतून सगळ्यात आधी मुली कमी होतात. निवासी जागांमध्ये मुलींना आधी जागा मिळावी आणि हंगामी वसतिगृहाला महिला मदतनीस मंजूर व्हावी, या दोन मागण्या आम्ही केंद्रप्रमुखांकडं लेखी देतोय. मसुदा इथं टाकतो, सुधारणा सुचवा.

हिशेबनीस
माझी तिसरी मागणी जोडा : तोडणीचा करार मजुराच्या नावानं आणि पैसे नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांवर. आज कोयता मोजताना बाई निम्मी असते, उचल घेताना तिचा अंगठाही नसतो.

कृष्णाकाठची_माणिक
पहिल्यांदाच लिहितेय. मी वाळवा तालुक्यातली, घरी शेती, शिक्षण बीएड. आमच्या वस्तीशेजारी कोप्या पडल्यात, दहा-बारा लेकरं दिसतात. आमच्या शाळेत न्यायला गेले तर दाखला नाही, आधार नाही म्हणून अडवतील का? टोळी फाल्गुनात जाईल म्हणतात. तेवढ्यासाठी काय करता येईल?

बालाघाट
माणिकताई, अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा सोडल्याचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुसार वर्गात बसवायचं असतं. आधार नंतर बघता येतं. लेकरांजवळ शिक्षण हमी पत्रक आहे का ते आधी विचारा. गाव सोडताना मूळ शाळा ते देते, त्यात कितवीत आहे आणि काय येतं ते लिहिलेलं असतं. आईच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत सापडेल. नसलं तर लेकराला गावच्या शाळेचं आणि सरांचं नाव विचारा, ते पक्कं सांगतं. त्या शाळेला फोन लावा म्हणजे इथली हजेरी तिथं धरली जाईल. टोळी हलायच्या आधी तुमच्या मुख्याध्यापकांकडून तसंच पत्रक भरून घ्या आणि टोळी कुठं जाणार ते मुकादमाकडून लिहून घ्या.

धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या मुलीला एकटी बोलावू नका, भावाला घेऊनच ये म्हणा. अंगणवाडी शेजारी असेल तर सेविकाताईंशी आधी बोलून ठेवा.

कृष्णाकाठची_माणिक
अंगणवाडी शाळेच्या आवारातच आहे. सेविकाताई ओळखीच्या आहेत, उद्या सकाळी बोलते. दोन लेकरं मध्य प्रदेशातली वाटतात, मराठी तुटक बोलतात. त्यांना हे पत्रक नसेल ना?

बालाघाट
नसेल बहुधा. तरी प्रवेशाचा नियम तोच, कायदा देशभर एक आहे. नाव, वय, गाव आणि जिल्हा लिहून घ्या. आणि ही दोन लेकरं पहिल्या बाकावर बसवा.